ताडदेवच्या आरटीओपासून किल्ली परत करेपर्यंत: परदेशात पहिल्यांदा भाड्याची गाडी घेताना

दादर ते अंधेरी रोज गाडी हाकणाऱ्याला परदेशातले रस्ते जड जात नाहीत. स्टिअरिंगवर हात बसलेला असतो, गर्दीची भीती गेलेली असते. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे काउंटर. कागद नाहीतर कार्ड चुकतं आणि बुकिंग असूनही किल्ली मिळत नाही. दुसरं म्हणजे चौक. मुंबईत आपण समोरच्याकडे बघत, गाडीचं नाक जरासं पुढे घालत वाट काढतो. तिकडे आधी कोणी जायचं हे ठरलेलं असतं आणि तुम्ही ते पाळणारच असं धरून समोरचा वेग कमी न करता येतो. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

लायसन आणि आयडीपी

आरटीओ देतं त्या आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याला सगळे आयडीपी म्हणतात. भारताचा आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि हे साल महत्त्वाचं आहे. जपानला १९४९ चाच परवाना चालतो, म्हणजे आपलं काम होतं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतो, तिथे आपला उपयोगी पडत नाही. चीनमध्ये तर कुठलाच आयडीपी चालत नाही. ब्रिटनमध्ये भारतीय लायसनवर १२ महिने गाडी चालवता येते. दुबईत फिरायला गेलेल्या भारतीयाला मात्र आयडीपीशिवाय भाड्याची गाडी मिळत नाही.

देश कोणताही असो, आयडीपी काढूनच निघा. काउंटरवरचा माणूस देशाच्या कायद्याइतकाच स्वतःच्या कंपनीचा नियम बघतो. अपघात झालाच तर विमावालाही पहिला प्रश्न परवान्याचाच विचारतो.

अर्ज परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडा, लायसनच्या सेवांमधून आयडीपीची सेवा उघडा, लायसन क्रमांक आणि जन्मतारीख भरा. फॉर्म ४-ए भरून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती जोडा आणि १,००० रुपये शुल्क भरा. परवाना एक वर्ष चालतो, त्यामुळे सहा महिने आधी काढून ठेवण्यात मुदत वाया जाते. प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी अर्ज केला की पुरे. अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओकडे जातो: दक्षिण मुंबईला ताडदेव (एमएच-०१), पश्चिम उपनगरांना अंधेरी (एमएच-०२), नाहीतर बोरिवली (एमएच-४७), पूर्व भागाला वडाळा (एमएच-०३). मुंबईत अनेकांचं लायसन गावचं असतं, रत्नागिरीचं, साताऱ्याचं, कोल्हापूरचं. पत्ता अजून तिकडचाच असेल तर तो आधी बदलून घ्या. या कामाला लागणारा वेळ वेगळा धरा.

दोन गोष्टी बऱ्याच जणांना विमानतळावर पोहोचल्यावर कळतात. पहिली, आयडीपी एकटा चालत नाही. तो मूळ लायसनचा भाषांतरित जोडीदार आहे, त्यामुळे लायसनचं कार्ड सोबत हवंच. दुसरी, डिजिलॉकर भारताबाहेर कोणी मानत नाही. मुंबईत ट्रॅफिक हवालदाराला मोबाईल दाखवून भागतं, म्हणून खरं कार्ड वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं असतं. ते आजच शोधून ठेवा.

नावंही जुळवून बघा. लायसनवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, किंवा एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अद्याक्षर, हे आपल्याकडे घरोघरी आहे. लायसन, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवर नाव-आडनाव एकच असावं. ही दुरुस्ती ऐनवेळी होत नाही.

ऑनलाइन काही खासगी संस्था 'आंतरराष्ट्रीय लायसन' नावाची रंगीत पुस्तिका विकतात. ती सरकारी परवान्याच्या जागी चालत नाही. थायलंड किंवा बालीत स्कूटर घ्यायचा विचार असेल तर लायसनवर आणि आयडीपीवर दुचाकीचा वर्गही हवा. नुसत्या कारच्या लायसनवर स्कूटर पडली, तर प्रवासविमा दवाखान्याचं बिल नाकारू शकतो.

कार्ड

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बायकोच्या नावावर बुकिंग आणि नवऱ्याचं कार्ड, असं चालत नाही. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड बहुतेक कंपन्या डिपॉझिटसाठी घेत नाहीत. डिपॉझिट म्हणजे पैसे कापणं नव्हे, तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवणं. युरोपात ही रक्कम अनेकदा विम्याच्या एक्सेसएवढी (नुकसान झालं तर तुम्ही जास्तीत जास्त भरायची रक्कम) असते, म्हणजे १,००० ते २,००० युरोंच्या घरात. हॉटेलही काही रक्कम अडवतं. एवढी लिमिट मोकळी आहे का ते निघण्याआधी बघा.

बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते बंदच येतात. पिन पाठ असू द्या, पेट्रोल पंपाच्या यंत्रावर तो लागतो. आणि मशीन 'रुपयांत भरायचे का?' असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो हमखास महाग पडतो.

बुकिंग: अक्षरं वाचायला शिका

बुकिंगवर गाडीचं चित्र असतं आणि खाली 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. चित्र विसरा, चार अक्षरांचा कोड बघा. पहिलं अक्षर आकाराचं: ई म्हणजे इकॉनॉमी, सी म्हणजे कॉम्पॅक्ट, आय म्हणजे त्याहून मोठी. दुसरं गाडीच्या प्रकाराचं: डी म्हणजे चार-पाच दारांची, डब्ल्यू म्हणजे लांब डिक्कीची वॅगन, एफ म्हणजे एसयूव्ही. तिसरं सर्वांत महत्त्वाचं: एम असेल तर गिअरची, ए असेल तर ऑटोमॅटिक. चौथं अक्षर आर असेल तर एसी आहे आणि इंधन काहीही असू शकतं. म्हणजे सीडीएमआर ही गिअरची कॉम्पॅक्ट आणि सीडीएआर ही ऑटोमॅटिक.

उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात पहिल्यांदा जाताय तर ऑटोमॅटिकच घ्या, युरोपात थोडी महाग पडली तरी. तिकडच्या गिअरच्या गाडीत गिअर उजव्या हाताला असतो. पहिल्या दिवशी लक्ष रस्त्यावर हवं, डावा हात दाराच्या हँडलवर आपटण्यात नको. घरी फक्त गिअरची गाडी असेल तर निघण्याआधी ओळखीतल्या कोणाच्या ऑटोमॅटिकवर दोन-तीन रविवार सकाळी हात बसवून घ्या. डावा पाय बाजूला टेकवून ठेवायचा आणि त्याने काहीही दाबायचं नाही. क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबला की गाडी जागेवर खिळते आणि मागचा येऊन धडकतो.

सामानाचा हिशेब करा. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा कॉम्पॅक्टमध्ये मावत नाहीत. वय २५ च्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी रोजचा जादा आकार लागतो. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात हवंच. नाव नसलेल्याच्या हातून गाडी घासली तर विमा उडतो. बुकिंग करताना विमानाचा क्रमांक टाका, म्हणजे मुंबईहून निघायलाच उशीर झाला तरी गाडी राखून ठेवतात. सीमा ओलांडायची असेल तर तेही आधी सांगायचं. सगळे देश सगळ्या गाड्यांना मोकळे नसतात.

मुलांसाठी सीट आधीच बुक करा. मांडीवर मूल घेऊन बसणं आपल्याकडे सर्रास चालतं, तिथे तो गुन्हा आहे. जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटीमीटर उंचीपर्यंत मुलाला सीट किंवा बूस्टर लागतो, ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर.

विमा, जिथे खरे पैसे जातात

युरोपात भाड्यात साधारणपणे तिसऱ्या पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा आणि सीडीडब्ल्यू येतात. सीडीडब्ल्यू म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर तुमची जबाबदारी एका रकमेपुरती मर्यादित. ती रक्कम म्हणजे एक्सेस. समजा एक्सेस १,५०० युरो आहे. बंपर घासला आणि ४०० युरोंचं काम निघालं, तर पूर्ण ४०० तुम्ही द्यायचे. ५,००० चं काम निघालं तर १,५०० तुमचे, बाकीचे त्यांचे. म्हणजे लहानसहान सगळं नुकसान तुमच्याच खिशातून जातं, आणि भाड्याच्या गाडीला होतं ते बहुतेक लहानसहानच असतं.

शिवाय टायर, काच, छत आणि गाडीचा खालचा भाग साध्या सीडीडब्ल्यूत बहुधा नसतात. किल्ली हरवणं, चुकीचं इंधन भरणं, दारू पिऊन चालवणं, मनाई असलेल्या रस्त्यावर जाणं यात तर काहीच मिळत नाही. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागऱ्या मोडतात आणि ते नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. तिथल्या एफ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर फोर-बाय-फोरच लागते.

एक्सेस शून्यावर आणणारा विमा काउंटरवर मिळतो. घरून निघण्याआधी वेगळा एक्सेस-विमा घेतला तर तो बराच स्वस्त पडतो, पण त्यात नुकसान आधी तुम्ही भरायचं आणि नंतर परत मागायचं. पहिल्याच खेपेला, डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर काउंटरवरचा पूर्ण विमा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत आणखी एक गोष्ट तपासा: भाड्यात तिसऱ्या पक्षाची जबाबदारी पुरेशी धरली आहे का. नसेल तर तो विमा घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. तिथली दवाखान्याची बिलं कोणालाही झेपणारी नाहीत.

गाडी ताब्यात घेताना

हातात किल्ली आली की लगेच बसू नका. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा, आधी नंबर प्लेट घ्या, मग घड्याळाच्या दिशेने एक संथ फेरी मारा. दारांवरचे ओरखडे सगळेच बघतात. खरे वाद होतात ते चार जागांवरून. पहिली, चाकांच्या रिमची कड, जिथे फुटपाथला घासून चांदीसारखी रेघ उठलेली असते. बोट फिरवलं की खरबरीत लागते. दुसरी, पुढच्या बंपरचा खालचा ओठ. त्यासाठी वाकावंच लागतं, मोबाईल जमिनीजवळ धरून वर वळवा. तिसरी, पुढच्या काचेवरचा खड्याचा टिपका, जो तिरप्या उजेडातच दिसतो. चौथी, छत. पावसात गाडी ओली असेल तर ओरखडे पाण्याखाली लपतात, म्हणून रुमालाने पुसून बघा किंवा छताखाली न्यायला सांगा. मग आत बसून इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा एकाच फोटोत घ्या.

जे सापडेल ते करारावर लिहून घ्या. 'एवढंसं चालतं' असं तोंडी सांगितलं तरी लिहूनच हवं, कारण गाडी परत घेणारा माणूस दुसराच असतो. स्टेपनी आहे का तेही बघा. अनेक गाड्यांत आता फक्त पंक्चरचा किट असतो. युरोपात धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट कुठे ठेवलंय ते विचारा. जॅकेट डिक्कीत नको, हाताशी हवं.

मग जागेवरच दहा मिनिटं घालवा. सीट, तिन्ही आरसे, वायपर, दिवे, मागचा गिअर, हँडब्रेक (तो आता बहुधा बटण असतो), इंधनाच्या झाकणाची कळ. मारुती-ह्युंदाईवर हात बसलेल्यांचा इंडिकेटर उजव्या दांडीवर असतो, युरोपीय गाड्यांत डाव्या. पहिले दोन दिवस वळताना वायपर फिरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

उजवी बाजू

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका इथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात. पहिली परदेशी खेप यातल्या देशाची असेल तर उत्तम. बाकी बहुतेक युरोप, अमेरिका, दुबई, ओमान, जॉर्जिया उजवीकडून.

एक खूण दोन्हीकडे लागू पडते: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. तुम्ही कडेच्या बाजूला आणि शेजारचा माणूस मधल्या रेषेकडे, असं दिसलं तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

डाव्या स्टिअरिंगला नवशिक्याची गाडी उजवीकडे सरकते. कारण सरळ आहे: आपल्याला गाडीचा मोठा भाग स्वतःच्या डावीकडे असण्याची सवय असते. इथे तो उजवीकडे असतो, पण शरीर मात्र लेनमध्ये जुन्याच जागी बसू बघतं. त्यामुळे उजवा आरसा उभ्या गाड्यांना आणि उजव्या रिमा फुटपाथला घासतात. उपाय म्हणजे डाव्या पट्ट्याच्या जरा जास्तच जवळ आहोत असं वाटू द्या आणि उजव्या आरशात पट्टा किती लांब आहे ते अधूनमधून तपासत राहा.

गर्दीत चूक होत नाही, पुढच्याच्या मागे आपोआप जाता येतं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: सकाळी हॉटेलच्या पार्किंगमधून निघताना, पंपावरून बाहेर पडताना, यू-टर्ननंतर. अशा प्रत्येक वेळी शेजारच्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं ठरवून ठेवा. उजवं वळण लहान, डावं वळण मोठा फेरा घेऊन.

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच लांब पल्ल्याला निघू नका. पहिला दिवस शक्यतो हॉटेलपर्यंतच.

चौकात कोण आधी

सर्कलमध्ये आधीच फिरणारी गाडी आधी जाते. डावीकडून चालणाऱ्या देशांत उजवीकडून येणाऱ्याला, उजवीकडून चालणाऱ्यांत डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. नाक घालून जागा करून घेता येत नाही, जागा मिळेपर्यंत थांबायचं. बाहेर पडताना इंडिकेटर द्यायचा.

फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांत खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी जातो, मग तो गल्लीतून का येईना. पत्त्यातल्या चौकटसारखी पिवळी पाटी दिसली तर तुमचा रस्ता मुख्य आहे. तिच्यावर काळी तिरपी रेघ आली की तो हक्क संपला. ही एक पाटी ओळखता आली तरी निम्मी भीती जाते.

स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. अमेरिकेत चारही बाजूंना स्टॉप असेल तर आधी आलेला आधी जातो. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात नाही. पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकत थांबली, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं.

झेब्रावर पाय ठेवलेल्या माणसाला वाट द्यायची. हॉर्न फक्त धोक्यासाठी. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. ब्रिटनमध्ये तोच डिपर बहुतेक वेळा 'तू जा' असा घेतला जातो, आणि या गैरसमजातून धडक होते. म्हणून डिपर देऊच नका.

जर्मन ऑटोबानवर सर्वांत डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. वाहतूक तुंबली की डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधून रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. तिथे इंधन संपून गाडी बंद पडणं हाही दंडाचा विषय आहे. ब्रिटन-अमेरिकेत वेग मैलांत असतो: ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, ७० म्हणजे ११२.

टोल आणि शहरातले निषिद्ध भाग

फास्टॅगच्या सवयीने वाटतं की टोलनाका दिसेलच. पुष्कळ ठिकाणी नाका नसतो, फक्त कॅमेरा असतो. दुबईत सालिक या टोलच्या कमानीखालून गेलं की पैसे लागतात, नॉर्वेत जवळजवळ सगळे टोल आपोआप नोंदले जातात. काउंटरवर विचारा: टोल कसा भरायचा आणि कंपनी त्यावर स्वतःचा आकार किती लावते. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला ४० फ्रँकचं वार्षिक विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागतं. तिथलीच गाडी असेल तर ते बहुधा लावलेलं असतं, शेजारच्या देशातून आणली तर तुम्ही घ्यायचं.

इटलीत झेडटीएल ओळखा. जुन्या शहरांच्या मध्यभागात परवानगीशिवाय गाडीला मनाई असते, पाटीवर पांढऱ्या वर्तुळाला लाल कड असते आणि वर कॅमेरा. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. नकाशाचं ॲप हे नेहमी सांगत नाही. फ्लॉरेन्स, रोम, पिसा इथे गाडी बाहेर लावून पायी किंवा बसने जा. हॉटेल आतच असेल तर नंबर नोंदवून देण्याबद्दल आधी हॉटेललाच लिहा. इटलीत पार्किंगचे पांढरे पट्टे फुकट, निळे पैशांचे, पिवळे राखीव. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये पार्किंगची वेळ दाखवणारी निळ्या पुठ्ठ्याची तबकडी काचेखाली ठेवायची आणि आल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा लावायचा. १०.१० ला आलात तर १०.३०.

इंधन

पंपावर माणूस नसतो. इंधनाच्या झाकणाच्या आतली पाटी वाचा. युरोपात पेट्रोलची खूण गोल (ई५, ई१०), डिझेलची चौकोनी (बी७). नळीच्या रंगावर विसंबू नका: ब्रिटनमध्ये हिरवी पेट्रोलची, अमेरिकेत हिरवी बहुधा डिझेलची. इटलीत 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे 'बेंझिना'. चुकून दुसरं भरलं गेलं तर इंजिन चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका. आणि कंपनीला फोन करा. टाकी उपसली की काम भागतं, चालू केलं तर इंधनाचा पंपच जातो. अमेरिकेत पंपाचं यंत्र पत्त्याचा पिनकोड मागतं आणि आपलं कार्ड नाकारतं. आत जाऊन पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरा.

धडक झाली तर

गाडी बाजूला, इंडिकेटर चारही, जॅकेट घालून बाहेर. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. किरकोळ असलं तरी कंपनीच्या क्रमांकावर त्याच वेळी कळवा आणि पोलिसांची नोंद मागा. दुबईत त्या कागदाशिवाय गॅरेज गाडीला हातही लावत नाही. जागच्या जागी रोख देऊन मिटवू नका, नोंद नसेल तर विमा नाही.

परत करताना

पूर्ण टाकी घेतली असेल तर पूर्णच द्यायची. शेवटचा पंप विमानतळाच्या जवळचा निवडा आणि पावती जपा. भाडं २४ तासांच्या हिशेबाने असतं. सकाळी १० ला घेतलेली गाडी दुपारी १ ला दिली तर आणखी एक दिवस लागू शकतो. उजेडात द्या, माणसासमोर तपासून घ्या आणि 'नुकसान नाही' असं लेखी मागा. रात्री पेटीत किल्ली टाकायची असेल तर गाडी उभी केलेल्या जागेसकट पुन्हा तोच संथ व्हिडिओ काढा.

अडवलेली रक्कम सुटायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ वर्षभर ठेवा. इटलीतल्या दंडाची नोटीस परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. त्याआधी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचा आकार कार्डावर लावते. तो आकार म्हणजे दंड नव्हे, दंड वेगळा येतो. आणि नोटिशीवर लिहिलेल्या पहिल्या काही दिवसांत भरला तर कमी पडतो.